जगात झाडं किती? 40 हजार कोटी की 3 लाख कोटी?

कासवगती (धागाकर्ता)

2015 च्या सप्टेंबरपर्यंत जगात साधारण 40 हजार कोटी झाडं आहेत असं धरून सगळ्यांचं चाललं होतं. त्या महिन्यात 'नेचर'मध्ये येल विद्यापीठातल्या थॉमस क्राउदर आणि सहकाऱ्यांचा निबंध आला आणि आकडा झाला 3 लाख 4 हजार कोटी. साडेसातपट! माणशी 61 झाडं होती ती 422 झाली. एकही रोप न लावता.

मी नोकरीभर बँकेत तपासणीचं काम केलं. गोदामात तारण ठेवलेली पोती कागदावर 40 आणि मोजल्यावर 300 भरली, तर आनंद नंतर. आधी दोन्ही वेळच्या मोजणाऱ्यांना समोर बसवायचं, हा आमचा शिरस्ता. या दोन आकड्यांचंही तसंच करावं म्हणून हा धागा.

मला जेवढं समजलं ते असं. जुना आकडा मुख्यतः उपग्रहाची चित्रं आणि वनक्षेत्र यांवर बेतलेला होता. वरून हिरवं किती दिसतं ते बघायचं आणि त्याखाली झाडं किती असतील ते ठरवायचं. क्राउदर मंडळींनी सुरुवात जमिनीवरून केली. अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांत कुणी ना कुणी प्रत्यक्ष जाऊन केलेल्या मोजण्या गोळा केल्या. अशा 4,29,775 नोंदी जमल्या. मग जगाचे 14 जैवपट्टे पाडले: विषुववृत्ताजवळचं ओलं जंगल वेगळं, गवताळ प्रदेश वेगळा, उत्तरेकडचा तैगा, म्हणजे थंड प्रदेशातलं सूचीपर्णी जंगल, वेगळा. प्रत्येक पट्ट्यात झाडांची दाटी पाऊस, तापमान, चढउतार, उपग्रहाला दिसणारी हिरवाई आणि माणसांचा वावर यांप्रमाणे कशी बदलते याचं समीकरण मांडलं. जिथे कुणी मोजायला गेलंच नाही अशा प्रत्येक चौरस किलोमीटरसाठी ते समीकरण चालवलं आणि सगळ्याची बेरीज मारली.

यामागची गोष्टही छान आहे. फेलिक्स फिंकबायनर या जर्मन मुलाने 2007 मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, 'प्लँट फॉर द प्लॅनेट' ही मुलांची झाडं लावण्याची चळवळ सुरू केली. आपण शंभर कोटी झाडं लावली तर जगाच्या हिशेबात ती कितीशी, असा प्रश्न त्या मंडळींना पडला. उत्तर कुणाकडे धड नव्हतं, म्हणून येलकडे विचारणा झाली.

निबंधातले आणखी काही आकडे: सुमारे 43 टक्के झाडं उष्ण आणि उपोष्ण कटिबंधात, 24 टक्के उत्तरेच्या तैगात, 22 टक्के समशीतोष्ण भागात. दरवर्षी 1500 कोटी तुटतात, 500 कोटी नवी येतात. शेती सुरू झाल्यापासून आजवर जगातली 46 टक्के झाडं गेली.

माझा प्रश्न साधा आहे. मधली 2 लाख 64 हजार कोटी झाडं इतके दिवस कुठे लपली होती? आणि आत्ताच्या आकड्यावर तरी सही करावी का? इथे वनखात्यातले आहेत, संख्याशास्त्रवाले आहेत. या.

तिरकस तात्या

केळी धरल्या का? आमच्या जळगावच्या केळी धरल्या तर आकडा अजून फुगेल. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

रानवाट

तात्या, केळ बाद. तिला लाकूड नाही. त्यांची व्याख्या अशी: खोड लाकडी हवं आणि छातीच्या उंचीवर त्याचा व्यास किमान 10 सेंमी हवा. आपण टेप गुंडाळतो, म्हणजे घेर 31 सेंमीच्या वर. छातीची उंची आपल्या वनखात्यात 1.37 मीटर, म्हणजे साडेचार फूट. बाहेर बऱ्याच देशांत 1.3 मीटर. उतारावरचं झाड वरच्या बाजूला उभं राहून मोजायचं. छातीच्या उंचीखाली खोड दुभंगलं असेल तर दोन झाडं, वर दुभंगलं असेल तर एक. नवीन वनरक्षक पहिला आठवडाभर यावरच भांडतात.

आणि बांबू? 1927 च्या भारतीय वन कायद्यात तो झाडांत होता, 2017 च्या दुरुस्तीने बाहेर गेला. त्यामुळे 'झाड कशाला म्हणायचं' हे आधी ठरवल्याशिवाय 'किती' विचारण्यात अर्थ नाही.

कासवगती साहेब, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर भागाकारात आहे. जगाचं वनक्षेत्र, अन्न व कृषी संघटनेच्या 2020 च्या अहवालाप्रमाणे, 406 कोटी हेक्टर. 40 हजार कोटी भागिले 406 कोटी: हेक्टरी 98 झाडं. अहो, 98! सागाचं रोपवन 2 बाय 2 मीटरवर लावलं तर हेक्टरी 2,500 रोपं बसतात. दोन-तीन विरळण्या झाल्या तरी शेकड्यांनी झाडं उभी असतात. जगातल्या सगळ्या जंगलाची सरासरी 98 हे चंद्रपूरच्या कुठल्याही बीटात वनरक्षकाला सांगितलं असतं तर त्याने हसून टेप पुढे केली असती. नव्या आकड्याने भागलं तर हेक्टरी 750 येतात. शेतातली, गावातली झाडं वजा केली तर त्याहून थोडी कमी. हे पटण्यासारखं आहे.

लपली कुठे म्हणाल तर छत्राखाली, म्हणजे फांद्या-पानांच्या छपराखाली. वरून फक्त छत्र दिसतं. एका जुन्या वडाचं छत्र आणि दोनशे काटकुळ्या धावड्यांचं छत्र उपग्रहाला सारखंच हिरवं. खाली वाकून गेल्याशिवाय खोडं मोजता येत नाहीत.

अवांतर: हे काम जुनं आहे. डीट्रिच ब्रँडिस 1856 मध्ये ब्रह्मदेशात पेगूच्या जंगलांवर आला तेव्हा साग किती आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तो हत्तीवरून ठरावीक रेषांनी जंगल कापत जायचा आणि दोन्ही बाजूंना दिसणाऱ्या सागाची घेराप्रमाणे वर्गवारी करून बांबूच्या तुकड्यांवर खाचा पाडायचा. प्रत्येक वर्गाला वेगळा तुकडा. पावसात कागद टिकत नाही, बांबू टिकतो. पुढे 1864 मध्ये तोच हिंदुस्थानचा पहिला वन महानिरीक्षक झाला.

शुभदा_के

रानवाटकाका, भागाकार एकदम पटला. त्यात एक भर.

2013 मध्ये, म्हणजे क्राउदरच्या दोन वर्षं आधी, 'सायन्स'मध्ये हान्स तेर स्टीग आणि शंभराहून जास्त सहकाऱ्यांनी फक्त अ‍ॅमेझॉनचा हिशेब मांडला होता. 1,170 भूखंड, म्हणजे झाडं मोजायला आखलेले जमिनीचे तुकडे, व्याख्या तीच 10 सेंमीची. उत्तर आलं 39 हजार कोटी झाडं. एकट्या अ‍ॅमेझॉनमध्ये! मग बाकी सगळ्या जगाला उरली हजार कोटी? जुना आकडा खरं तर तिथेच मोडीत निघाला होता, फक्त कुणी पावती फाडली नव्हती.

त्या अभ्यासातला मला जास्त आवडलेला भाग वेगळाच आहे. अ‍ॅमेझॉनमध्ये झाडांच्या अंदाजे 16 हजार जाती, पण निम्मी झाडं फक्त 227 जातींची. उरलेल्या हजारो जातींच्या वाट्याला इतकी कमी झाडं की त्या कुणाला दिसायच्या आधीच संपू शकतात. 2022 च्या एका जागतिक अभ्यासाप्रमाणे पृथ्वीवर झाडांच्या सुमारे 73 हजार जाती असाव्यात आणि त्यांतल्या 9 हजारांवर अजून शास्त्राला माहीतच नाहीत.

व्याख्येबद्दल: पनामातल्या बारो कोलोरॅडो बेटावर 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपासून 50 हेक्टरांचा एक कायमचा भूखंड आहे. तिथे 1 सेंमीच्या वरचं प्रत्येक खोड मोजतात, ती भरतात दोन लाखांहून जास्त. तोच भूखंड 10 सेंमीची अट लावून मोजला तर 21 हजारांच्या आसपास. जागा तीच, झाडं तीच, आकडा दहाव्या हिश्शावर. आणि आपल्या मुदुमलाईत बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने 1988 मध्ये आखलेला तेवढाच, 50 हेक्टरांचा भूखंड आहे. तिथे 1 सेंमीची अट लावूनही पहिल्या मोजणीत 25 हजारांच्या घरात खोडं मिळाली. कोरडं जंगल, दर उन्हाळ्यात वणवा, हत्तींचा वावर. लहान खोडं टिकतच नाहीत.

तेव्हा 3 लाख कोटी हा आकडा 10 सेंमीच्या वरच्या झाडांचा आहे हे तळटीपेत नको, शीर्षकात हवं.

उत्तरध्रुव

मी फिनलंडमध्ये ओउलूला असतो. क्राउदरच्या यादीत दाटीच्या बाबतीत फिनलंड अगदी वर आहे, चौरस किलोमीटरमागे 72 हजारांवर झाडं. भारतातून आलेले पाहुणे इथलं जंगल बघून जरा हिरमुसतात. त्यांना प्रचंड बुंधे अपेक्षित असतात. इथे पाइन, स्प्रूस आणि बर्च, बहुतेक मांडीएवढ्या जाडीचे, टाचण्या टोचाव्यात तसे शेजारीशेजारी. उन्हाळा दोन-तीन महिन्यांचा, त्यामुळे वाढ फार हळू. सह्याद्रीतल्या एका जुन्या आंब्यात जेवढं लाकूड असेल तेवढ्यासाठी इथली काही डझन झाडं लागावीत. पण मोजणीत आंबाही एक आणि स्प्रूसही एक. तैगाचा वाटा 24 टक्के कसा, याचं उत्तर हेच.

इथे राष्ट्रीय वनमोजणी 1921 पासून चालू आहे. नॉर्वेने 1919 मध्ये सुरू केली, स्वीडनने 1923 मध्ये. अख्ख्या देशावर समांतर रेषा आखायच्या आणि रेषेवरून चालत जायचं. वाटेत तळं येवो नाहीतर कुणाचं अंगण. लाकूड हाच देशाचा पैसा असल्यामुळे किती शिल्लक आहे हे सरकारला माहीत असणं गरजेचं होतं.

तिरकस तात्या

भारतात माणशी किती? कुठेतरी 28 वाचलं. माझी 28 कुठे आहेत ते कळलं तर सातबाऱ्यावर चढवून घेतो.

कासवगती

तात्या, 28 बरोबर आहे. त्या अभ्यासात भारताची सुमारे 3,500 कोटी झाडं धरली आहेत. चीन माणशी 102, अमेरिका 716, कॅनडा 8,953. अर्थात हा दोष झाडांचा कमी, माणसांचा जास्त.

गोरेगावकर

मुंबईत तर उलटा हिशेब आहे, झाडामागे माणसं मोजावी लागतात. महापालिकेच्या 2018 च्या वृक्षगणनेत 29 लाख 75 हजार झाडं निघाली. 2011 ची लोकसंख्या 1 कोटी 24 लाख. एका झाडामागे चार माणसं! पण इथे अंदाज नसतो, झाडन् झाड मोजलेलं असतं, जातीसकट आणि जागेसकट. 1975 च्या नागरी क्षेत्र वृक्ष अधिनियमाप्रमाणे दर पाच वर्षांनी गणना करणं बंधनकारकच आहे.

गणिती गोगलगाय

उशिरा आलो, नावाला जागून.

नमुन्यावरून सगळ्याचा अंदाज बांधणं आपल्याला नवीन नाही. वनपर्वातलं नलोपाख्यान आठवा. ऋतुपर्ण राजा धावत्या रथातून एक बेहडा बघतो आणि बाहुकाच्या रूपातल्या नळाला सांगतो की याच्या दोन फांद्यांवर पाच कोटी पानं आणि 2,095 फळं आहेत. नळ रथ थांबवून झाडच तोडतो आणि फळं मोजतो. आकडा जुळतो. मग नळ त्याला अश्वविद्या देतो आणि बदल्यात अक्षविद्या घेतो. फाशांची विद्या आणि मोजणीची विद्या एकाच माणसाकडे असावी हे मला फार सूचक वाटतं. आणि पडताळणीसाठी झाड तोडावं लागलं हेही.

आता कासवगतींच्या दुसऱ्या प्रश्नाकडे: सही करावी का? निबंधात 3.04 लाख कोटींपुढे अधिक-उणे 9,600 कोटी असं लिहिलंय. म्हणजे तीन टक्के. मला ही तीन टक्क्यांची पट्टी अजिबात गंभीरपणे घ्यावीशी वाटत नाही. समीकरण बरोबर आहे आणि भूखंड नीट विखुरलेले आहेत, असं धरून ती काढलेली आहे. उत्तरध्रुव म्हणतात तसे फिनलंडचे भूखंड ठरलेल्या रेषांवर पडतात, तिथे निवडीला वाव नाही. पण ज्या देशांत अशी मोजणी नाही तिथले भूखंड संशोधकांनी आपापल्या कामासाठी आखलेले असतात. संशोधक कुठे जाणार? जिथे जंगल चांगलं आहे तिथे. तोडलेल्या, जळलेल्या, गुरं चरलेल्या रानात कुणी दोरी धरत नाही. ही चूक भूखंड वाढवून कमी होत नाही. चार लाखांचे आठ लाख केले तरी तीच.

इथे एका मराठी माणसाचं नाव घेतलंच पाहिजे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म 1911, सातारा जिल्ह्यातलं बुध. गावोगावी जो पीक कापणी प्रयोग होतो, ज्यावर पीकविम्याची भरपाई ठरते, त्याचा शास्त्रीय पाया घालणाऱ्यांतले ते एक. 1940 च्या दशकात त्यांचा आणि प्रशांतचंद्र महालनोबीस यांचा वाद झाला. बंगालमध्ये महालनोबीस अगदी छोट्या वर्तुळातलं पीक कापून अंदाज काढत. छोटं वर्तुळ म्हणजे काम कमी, त्यामुळे जास्त ठिकाणी जाता येतं. सुखात्मे म्हणाले, भूखंड जेवढा छोटा तेवढं उत्पन्न फुगून दिसतं. कारण कडेवरचं रोप! आत की बाहेर अशी शंका आली की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. भूखंड छोटा असला की क्षेत्राच्या मानाने कड जास्त, म्हणून फुगवटाही जास्त. त्यांनी शेतांत मोजून ते दाखवून दिलं.

झाडांनाही हेच लागू आहे.

रानवाट

+1, पूर्णपणे. भारतीय वन सर्वेक्षणाचा जुना भूखंड 0.1 हेक्टरचा चौकोन, बाजू 31.62 मीटर. आखताना मध्यबिंदूपासून चारही कोपऱ्यांकडे 22.36 मीटर दोरी नेतात. उतार असेल तर तेवढी लांबी वाढवून घ्यायची, कारण क्षेत्र नकाशावरचं, म्हणजे आडवं धरतात. कडेवरच्या झाडाचा नियम आधीच पक्का करून ठेवावा लागतो: ठरलेल्या दोन बाजूंच्या रेषेवरची धरायची, उरलेल्या दोन बाजूंची सोडायची. एवढं सांगूनही रेषेवर ऐन किंवा सागाचा मोठा बुंधा आला की सगळ्यांचं मत एकदम 'आतच आहे साहेब' असं होतं. तिथे मोह होतो (झाड नव्हे).

शुभदा_के

कंसातल्या शब्दखेळाला दाद :)

गोगलगाय यांच्या मुद्द्याला जोडून. आता काही ठिकाणी समीकरण न वापरता वरूनच एकेक झाड मोजता येतं. कोपनहेगनच्या मार्टिन ब्रँट यांच्या गटाने 2020 मध्ये पश्चिम सहारा आणि साहेलचा 13 लाख चौरस किलोमीटरचा पट्टा घेतला. अर्ध्या मीटरपर्यंत बारकावा दिसणाऱ्या 11 हजारांवर उपग्रह प्रतिमा. आधी माणसांनी हाताने सुमारे 90 हजार झाडं खुणा करून संगणकाला दाखवली, मग संगणकाने बाकीची ओळखली. नकाशावर जिथे ओसाड लिहितात तिथे 180 कोटी झाडं सापडली. अट मात्र वेगळी: छत्र 3 चौरस मीटरपेक्षा मोठं हवं. खोडाची जाडी वरून कशी कळणार?

पण हे फक्त सुटी उभी असलेली झाडं मोजायला चालतं, प्रत्येकाची सावली वेगळी दिसते म्हणून. दाट जंगलात छत्रं एकमेकांत शिरली की संगणकालाही एकच हिरवा गालिचा दिसतो. म्हणजे वाळवंटातली झाडं आज आपण मोजू शकतो आणि जंगलातल्या झाडांचा अजून अंदाजच करतो. 2025 मध्ये दोन रडार उपग्रह वर गेले, युरोपचा 'बायोमास' आणि इस्रो-नासाचा 'निसार'. त्यांच्या लहरी पानांतून आत शिरतात, पण त्यांतून लाकडाच्या वजनाचा अंदाज येतो, झाडांची संख्या नाही.

बांधावरची बाभळ

इतकं वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. यवतमाळकडची आहे, घरी कापूस-तूर.

शुभदाताईंनी सांगितलेल्या त्याच ब्रँट यांच्या गटाने भारतातल्या शेतांतली झाडं मोजली आहेत, 2024 च्या मे महिन्यात आलं होतं. जंगल वगळून फक्त शेतजमिनीत 60 कोटी झाडं. 2010-11 मध्ये दिसलेली जी मोठी झाडं होती त्यांतली 11 टक्के 2018 पर्यंत गायब. पुढे 2018 ते 2022 या काळात 50 लाखांहून जास्त मोठी झाडं गेली. मोठी म्हणजे 67 चौरस मीटरच्या आसपास छत्र, साधारण नऊ मीटर पसारा. आणि जास्त झळ कुठे, तर तेलंगण आणि महाराष्ट्रात.

आम्हाला हे कळायला उपग्रह लागत नाही. आमच्या शिवारात बांधाबांधावर कडुनिंब, चिंच, मोह, जांभूळ होते. एकेक करून गेले. लोक झाडाचे वैरी आहेत असं नाही. झाडाखाली सावट पडतं, तेवढ्यात कापूस धरत नाही. बोअर झाली, दोन पिकं निघू लागली, मग ते सावट डोळ्यात खुपतं. ट्रॅक्टर फिरवायला बांधच नको असतो. वाटणीत दोन भावांच्या मधला आंबा म्हणजे भांडण, त्यापेक्षा तोडून पैसे वाटून घेतले की मिटलं. शिवाय गाई-म्हशी कमी झाल्या, सावलीला बांधायचं कुणाला?

आता मला सांगा, ही 50 लाख झाडं जगाच्या 3 लाख कोटींत किती? गणित करून बघितलं, 6 लाखांत एक. कुठल्याच आकड्यात दिसणार नाहीत. पण वैशाखात दुपारी वावरात काम करणाऱ्या बाईला ते एक झाडच सगळं असतं. आणि सरकारी अहवालात तर वृक्षाच्छादन वाढलेलंच दिसतं.

गणिती गोगलगाय

ताई, तुमच्या शेवटच्या वाक्याचं कारण व्याख्येतच आहे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या लेखी 1 हेक्टरपेक्षा मोठा तुकडा आणि त्यावर 10 टक्क्यांहून जास्त छत्र असलं की ते वनाच्छादन. जमीन कुणाचीही असो, झाडं कसलीही असोत. त्यात आमराई येते, निलगिरी येते, सुरू येतो. 2023 च्या अहवालात देशाचं वन आणि वृक्षाच्छादन मिळून 8,27,357 चौरस किलोमीटर आहे, 25.17 टक्के. बांधावरची जुनी चिंच गेली आणि शेजारी तीन एकर निलगिरी आली तर टक्केवारी वाढेल आणि झाडांची संख्याही वाढेल. दोन्ही आकडे खरे, आणि दोन्हींतून तुमचं नुकसान गायब.

नवखा_पण_हौशी

मग झाडं लावणं हाच उपाय ना? 2019 मध्ये आपल्याकडे 33 कोटींचा संकल्प होता. जगात एक लाख कोटी झाडं लावायची मोहीम आहे. वर्षाला निव्वळ हजार कोटींची घट असेल तर शंभर वर्षांची भरपाई एका दमात होईल.

माळकरी

नवखा, थांबा जरा. तुम्हाला नाही, या एक लाख कोटीवाल्यांना विचारतो: लावणार कुठे?

2019 मध्ये क्राउदर यांच्याच प्रयोगशाळेतून दुसरा निबंध आला, जगात आणखी 90 कोटी हेक्टर छत्र वाढवायला जागा आहे म्हणून. त्यावर परिसंस्था अभ्यासकांनी भरपूर टीका केली, कारण त्यातली बरीच 'जागा' म्हणजे गवताळ प्रदेश आणि सव्हाना. समीकरणाला तिथे झाड मावताना दिसतं, म्हणून नकाशावर ती रिकामी.

आमच्या सोलापूर-नगरकडे हेच कधीपासून चालू आहे. माळरान दिसलं की 'पडीक' म्हणायचं आणि गिरिपुष्प नाहीतर सुबाभूळ ठोकायची. माळावर लांडगा आहे, खोकड आहे, धाविक आहे, चंडोल आहेत. नान्नजचं अभयारण्य ज्या माळढोकासाठी केलं तो पक्षी उघड्यावर राहणारा. त्याला दूरवर दिसावं लागतं. तिथे रांगेत झाडं लावली म्हणजे त्याला हाकललंच. मेंढपाळांचं चराऊ रान गेलं ते वेगळं. माझ्या तालुक्यात चौरस किलोमीटरमागे झाडं कमी आहेत आणि तशीच बरी आहेत. झाडांची दाटी हा जमिनीच्या तब्येतीचा आकडा नाही हे एकदा कुणीतरी मोठ्याने सांगायला हवं.

रानवाट

माळकरींशी सहमत. नवखा, तुमच्या हिशेबात अजून एक गोची आहे. 1500 कोटी तुटतात ती 10 सेंमीच्या वरची झाडं. तुम्ही लावता ती पेन्सिलीएवढी रोपं. दोघांची वजाबाकी होत नाही. त्या रोपाला 10 सेंमी व्हायला सागासारख्या झाडालाही काही वर्षं लागतात, अंजन-खैराला त्याहून बरीच जास्त. तोवर शेळी, वणवा, दुष्काळ आणि पाणी घालायला विसरणारी माणसं. रोपवनात जिवंत टक्केवारी मोजायची ती तिसऱ्या वर्षानंतर, खड्डे खणल्याच्या दिवशी नाही.

उत्तरध्रुव

इथे तोडीनंतर पुन्हा जंगल उभं करणं कायद्याने जमीनमालकावर बंधनकारक आहे. त्यामुळे झाडांचा आकडा भक्कम राहतो, पण एकाच वयाची, एकाच जातीची रांगच रांग. जुनं, पडलेल्या ओंडक्यांचं, शेवाळलेलं रान दक्षिण फिनलंडमध्ये तर शोधूनच काढावं लागतं. माळकरींचं म्हणणं जंगलालाही लागू पडतं.

कासवगती

धागा अपेक्षेपेक्षा पुढे गेला, सगळ्यांचे आभार. माझा तपासणी शेरा देऊन टाकतो. जुना आकडा बाद, तो भागाकारातच पडतो. नवा आकडा 'सुमारे 3 लाख कोटी' इतपत मान्य. दशांशानंतरचे 04 आणि ती तीन टक्क्यांची पट्टी मान्य नाही. 46 टक्के घटीबद्दल माझी शंका कायम आहे. शेती सुरू होण्याआधीचे भूखंड कुणी आखलेले नाहीत. आज माणूस नसता तर तिथे किती झाडं असती, असं समीकरणाला विचारून ते काढलंय. दिशा बरोबर असेल, आकडा सैल आहे.

आणि बाभळताई, तुमच्या 50 लाखांसाठी वेगळं खातं उघडायला हवं. ते जागतिक ताळेबंदात बसवायचं नाही.

नवखा_पण_हौशी

आमच्या गावाला (भोर तालुका) देवराई आहे, दहाएक एकर असेल. तिथली झाडं मोजायची म्हटलं तर किती भूखंड घ्यावे लागतील? आम्ही चौघं मित्र आहोत.

रानवाट

दहा एकरांना नमुना कशाला? सगळीच मोजा. आजवरच्या चर्चेतल्या निम्म्या भानगडी तिथेच संपतात.

आधी गुरवाला आणि गावकऱ्यांना विचारा. काही देवरायांत चपला चालत नाहीत, काहींत ठरावीक दिवशी जात नाहीत. खिळा, पत्र्याचा बिल्ला काही ठोकू नका. सुतळी टाकून वीस-वीस मीटरचे पट्टे पाडा आणि एका वेळी एकच पट्टा घ्या. दोघांनी टेप धरायची, एकाने लिहायचं, चौथ्याने मोजलेल्या झाडाला खडूची रेघ मारायची. रेघ नेहमी पुढच्या, म्हणजे अजून मोजायच्या बाजूला मारा, म्हणजे परत येताना एकही सुटलं किंवा दोनदा धरलं तर लगेच दिसतं. 31 सेंमीच्या खालची खोडं सोडा, पण त्यांचा नुसता आकडा वेगळ्या पानावर ठेवा. दहा वर्षांनी तेच पान सगळ्यात उपयोगी पडेल, कारण म्हाताऱ्या झाडांखाली नवीन पिढी येतेय की नाही ते त्यातूनच कळतं. जाडजूड वेली झाडांत धरू नका. जात ओळखता आली नाही तर पान, साल आणि असेल तर खाली पडलेलं फळ यांचा फोटो काढून इथे टाका. भोरकडे अंजनी, जांभूळ, हिरडा, आंबा बरेच मिळतील.

पावसाळ्यात जाऊ नका, जळवा लागतील. दिवाळीनंतर जा.